माहेरचे नाव

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पडेगाव आता खेडे राहिलेले नाही. शेतांच्या जागी वसाहती उठल्या, आणि त्या वसाहतींतील बारशांत, घुगऱ्या हातावर पडण्यापूर्वी आत्या बाळाच्या कानात जी नावे सांगते, त्यांत ‘सई’ हे नाव अलीकडे वरचेवर ऐकू येते. एका पिढीपूर्वी ते इतके विरळ होते, की १९३८ साली जन्मलेल्या चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे यांच्यापलीकडे या नावाची दुसरी स्त्री सामान्य वाचकास चटकन आठवत नसे. ज्या शहरास संभाजीराजांचे नाव मिळाले, त्याच्या वेशीवर त्यांच्या मातोश्रींचे नाव पाळण्यात यावे, हा योग मला रुचतो. फलटणच्या निंबाळकरांची ही कन्या १६५९ साली राजगडावर निवर्तली, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते.

दुर्मिळ म्हणून उचललेले नाव सर्वांनीच उचलले म्हणजे त्याची दुर्मिळता ती काय राहिली, आणि एकाच वर्गाच्या हजेरीपटावर तीन सया आल्या तर गुरुजींनी करावे काय, असा आक्षेप जाणती मंडळी घेतात. आक्षेप खरा आहे, पण किरकोळ आहे.

कारण मुलीच्या नावाचा एवढा खल आपल्याकडे पूर्वी कोणी करीतच नसे, आणि तो करण्याचे प्रयोजनही नव्हते; बारशास ठेवलेले नाव लग्नापर्यंतच उसने असे, आणि लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव रेखले, की जुने माहेरच्या उंबऱ्याआड राही. १८८६ साली फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. पुण्याच्या सेवासदनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. या दोन यमुना आज किती वाचकांना ठाऊक असतील? त्याहून खालची पायरी म्हणजे ‘नकुशा’. मुलगी नको होती, एवढाच मजकूर ज्या नावात भरलेला, ते नाव वागविणाऱ्या २८० हून अधिक मुलींना सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात जाहीर समारंभाने नवी नावे देण्यात आली, तेव्हा कित्येकींनी ती स्वतः निवडली.

तेव्हा पडेगावातील एखादे जोडपे मुलीच्या नावासाठी पंधरा दिवस पंचांग, कोश आणि मोबाईल धुंडाळीत असेल, तर त्यास मी हौस म्हणणार नाही. हे नाव मुलगी जन्मभर वागविणार, असे त्यांनी गृहीत धरले आहे, आणि ही गोष्ट नव्याने घडते आहे. सरकार-दरबारीही वारे त्याच दिशेने आहे: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे.

मात्र एक विनंती. बारशाच्या गडबडीत जन्मनोंदीचे काम मागे ठेवू नका; दाखल्यात नाव चढविण्यास नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत शुल्क पडत नाही, पुढे विलंबशुल्क भरावे लागते. आणि इंग्रजी अक्षरांत ‘सई’ व ‘साई’ एकच दिसत असल्याने, दाखला हाती घेताना मराठी नाव कारकुनासमोरच वाचून पाहा.