नकाशावरचे विमान आणि उंचीचा आकडा

ढगांत शिरलेल्या चार आसनी विमानात बहुधा एकटाच वैमानिक असतो. बाहेर पांढऱ्या रंगाशिवाय काही दिसत नाही. धावपट्टीपर्यंत पोहोचायचे ते उपकरणांच्या भरवशावर. कोणत्या बिंदूवरून, कोणत्या दिशेने आणि किती फुटांवरून यायचे, हे सांगणारा कागद म्हणजे अ‍ॅप्रोच चार्ट. आकाराने वहीच्या पानाएवढा. वरच्या भागात आकाशातून दिसावा तसा मार्ग, त्याखाली तोच मार्ग बाजूने पाहिल्यासारखा, म्हणजे उतरंड. तळाशी एक तक्ता: धावपट्टी दिसली नाही, तर किती उंचीच्या खाली जायचे नाही. गेल्या वीसेक वर्षांत हा कागद छोट्या विमानांतही पडद्यावर गेला. त्याने काय सुधारले ते उघड आहे. काय सुधारले नाही, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

कागदाचे दिवसही काही सुखाचे नव्हते. १९३० च्या दशकात अमेरिकेत टपालविमाने उडवणाऱ्या एल्रे जेपसेन यांनी दहा सेंटची एक वही घेतली आणि धावपट्ट्या, अडथळे, टेकड्यांची उंची तीत टिपायला सुरुवात केली. १९३४ मध्ये त्यातून व्यवसाय उभा राहिला. पुढे हवाई माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलू लागली आणि जाडजूड बाइंडरमधली जुनी पाने काढून नवी घालण्याचे काम वैमानिकांच्या मागे लागले. एखादे पान चुकीच्या जागी गेले, की ते रात्री, विमान हेलकावे खात असताना, मांडीवर शोधायचे. पडद्याने ही कटकट संपवली. शिवाय चार्टवर आपलेच छोटेसे विमान सरकताना दिसू लागले. आपण नेमके कुठे आहोत, या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर वैमानिकाला पूर्वी कधी मिळाले नव्हते.

अडचण त्या छोट्या विमानापाशीच आहे. ते सरकते वरच्या चित्रात. खालच्या उतरंडीवर ते नसते. जागेची खात्री डोळ्यांसमोर असते. उंचीची खात्री मात्र आकडा वाचून, उंचीमापकाशी ताडून, पूर्वीसारखीच करावी लागते. त्यात अक्षरे वाचता यावीत म्हणून चित्र मोठे केले, की तळाचा तक्ता पडद्याबाहेर जातो. रेषेवर बरोबर बसलेले विमान पाहून मन निर्धास्त होते. डोंगरावर आदळण्यासाठी रेषा सोडावी लागत नाही.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातील माउंट वेदरवर आदळले. ९२ जण दगावले. ते बोइंग ७२७ होते आणि चार्ट कागदी होता. पण प्रश्न हाच होता. वरच्या चित्रात राउंड हिल या बिंदूपर्यंत ३,४०० फूट ही किमान उंची छापलेली होती. उतरंडीच्या चित्रात तो टप्पाच नव्हता. ३,४०० चा आकडा वैमानिकांनी पाहिला होता, त्यावर बोलणेही झाले होते. तरी नियंत्रकाने अ‍ॅप्रोचची परवानगी दिली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही, असा अर्थ त्यांनी लावला. त्या कॉकपिटात आजचा पडदा असता, तर त्यावरचे विमान रेषेवर अगदी ठीक दिसले असते. याच अपघातानंतर जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकी प्रवासी विमानांत सक्तीची झाली. आज अनेक छोट्या विमानांतही असा इशारा मिळतो. पण तो शेवटचा उपाय आहे, चार्ट न वाचण्याची सवलत नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये २००२ ते २००६ या काळात बनलेल्या आठ हजारांहून अधिक छोट्या विमानांची तुलना केली. पडदे असलेल्या विमानांत एकूण अपघातांचे प्रमाण कमी, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जास्त निघाले. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी अधिक वापरली जात, हेही अहवालात आहे. त्यामुळे सगळा दोष पडद्याच्या माथी मारता येणार नाही. मात्र प्रत्येक उपकरणाचे वेगळे प्रशिक्षण हवे, ही मंडळाची शिफारस नेमकी होती. गोंदियात वैमानिक घडवणाऱ्या डायमंड विमानांतही पडदेच आहेत. तिथल्या विद्यार्थ्याला बटणे किती चटकन दाबता येतात, यापेक्षा ढगांत शिरण्यापूर्वी तो चार्टवरचे उंचीचे आकडे मोठ्याने वाचतो का, हे परीक्षकाने आधी पाहायला हवे.

ज्या विमानांत असा पडदा नाही, तिथे टॅब्लेट आले. आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच वापरावा, असे तो बनवणारी कंपनीच सांगते. काचेखाली उन्हात ठेवलेल्या टॅब्लेटला ती मर्यादा गाठायला विदर्भातला मे महिना लागत नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची काही डझन उड्डाणे अडकली. कारण एवढेच, की वैमानिकांच्या आयपॅडमध्ये वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा चार्ट दोनदा आला आणि अ‍ॅप बंद पडले. ती विमाने जमिनीवर होती. ढगात एकट्या असलेल्या वैमानिकाला थांबायची सोय नसते. म्हणून अनेक जण उतरायच्या आणि पर्यायी विमानतळाचे चार्ट आजही छापून मांडीवरच्या पाटीला लावतात आणि किमान उंचीच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करून ठेवतात.