ॲप अडकले की दोष मोबाइलचाच?

लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या धानउत्पादकाला रोवणी आटोपली की धुऱ्यावर उभे राहून मोबाइलवरून ई-पीक पाहणी करावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत आहे. पिकाचा फोटो काढायचा, नोंद पाठवायची. पुढे आधारभूत केंद्रावर धान विकताना सातबाऱ्यावरची पीकनोंद बघितली जाते. अशा कामाचे कुठलेही सरकारी ॲप मध्येच बंद पडले, तर ठरलेला सल्ला मिळतो: मोबाइल जुना झाला, नवा घ्या. हा सल्ला देण्याआधी ॲप बनवणाऱ्याकडे त्याच्या मेमरीचा हिशेब मागायला हवा, असे माझे मत आहे.

अँड्रॉइडची बहुतेक ॲप जावा किंवा कोटलिनमध्ये लिहितात. १९९५ साली आलेल्या जावाने प्रोग्रामरचे एक मोठे ओझे उतरवले. मेमरी मागायची त्याने, वापरून झालेली परत घ्यायची व्हर्च्युअल मशीनने. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात. चालू कामापासून निघून कोण कोणाला धरून आहे, ही साखळी मशीन तपासते. साखळीत न सापडलेले सारे कचऱ्यात जाते. मात्र साखळीत असलेली गोष्ट आता कामाची उरली आहे की नाही, हे त्याला कळत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे तोवर पडीक जमीनसुद्धा बेवारस ठरत नाही, तसाच हा प्रकार. बारा मेगापिक्सेलचा फोटो साठवताना तीन-चार एमबीचा असतो, पण पूर्ण आकारात उघडला की प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात, म्हणजे ४८ एमबी. असे चार फोटो प्रोग्रामरने एखाद्या यादीत विसरून ठेवले, तर जवळपास दोनशे एमबी अडकतात आणि मशीन त्यांना हातही लावत नाही. वास्तविक फोटो पडद्याच्या मापाने लहान करून उघडणे हे मोजक्या ओळींचे काम आहे.

मग ही स्वयंचलित सफाईच नको, असे कोणी म्हणेल. ते पटण्यासारखे नाही. सी भाषेत मेमरी हाताने सोडावी लागते आणि तिथल्या चुका थेट सुरक्षेवर बेततात. आपल्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरीच्या गैरवापरातून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. सफाईसाठी काम थांबते, ही जुनी तक्रारही आता बरीच निवळली आहे. जावा १५ मध्ये पक्का झालेला झेडजीसी हा गार्बेज कलेक्टर बहुतेक सफाई काम चालू असतानाच उरकतो. पण सफाईला मोकळी जागा लागते. दोन जीबीच्या मोबाइलवर ती नसली की सफाई पुन्हापुन्हा सुरू होते, बॅटरी उतरते, पडदा अडखळतो.

मोबाइल स्वस्त होत आहेत, थोडे थांबा, असाही युक्तिवाद होतो. खासगी दुकानदाराच्या ॲपला तो चालेल, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकते. पीकनोंदीला दुसरे दुकान नाही. म्हणून निविदेतच अट हवी: दोन जीबीच्या मोबाइलवर लागोपाठ फोटो काढून, ॲप पन्नासदा उघडझाप करून मेमरी वाढतच राहते का ते तपासा आणि निकाल जाहीर करा. त्यासाठीची साधने अँड्रॉइड स्टुडिओसोबत फुकट मिळतात.