विनाकारण प्रवास

बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. बाजार, दळण, नोकरी, मुलांची शाळा, दवाखाना, देऊळ, माहेर, मयत यांपैकी काहीही चालतं. ‘सहज जाऊन येते’ एवढंच चालत नाही.

हे आजचं नाही. १८६५ साली जन्मलेल्या, आपल्या कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेच्या प्रवासाला निघाल्या, नवरा बरोबर नसताना. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत त्यांना बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सभेपुढे उभं राहून आपण का जातो आहोत हे सांगावं लागलं. वयाला अजून अठरा पूर्ण व्हायची होती. कारण भक्कम होतं: डॉक्टर व्हायचं आणि परत येऊन स्त्रियांवर उपचार करायचे. त्या कारणापुढे आपण सगळ्या आजही नतमस्तक होतो. पण माझा प्रश्न वेगळा आहे. इतकं मोठं कारण जिच्याजवळ नाही, त्या बाईने काय करायचं?

हा प्रश्न मला आज सुचायचं निमित्त असं. गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघी मैत्रिणी नऊ दिवस श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन आलो. लाटेवर फळी घेऊन स्वार व्हायचं, म्हणजे सर्फिंग, ते शिकायला. चौघींत एक नर्स, एक बालवाडी शिक्षिका, एक खाजगी कंपनीत हिशेब लिहिणारी आणि मी, संस्थेत काम करणारी. तिघी कळव्याच्या, एक डोंबिवलीची. दोघींना मुलं आहेत, एकीचा घटस्फोट झालेला आहे, एकीने लग्न केलेलं नाही. वय तेहेतीस ते एकोणचाळीस.

पैशाचं आधी सांगते, कारण पहिला संशय तिथेच येतो. आम्ही सोळा महिने भिशी लावली, दरमहा अडीच हजार. प्रत्येकीचे चाळीस हजार जमले आणि त्यात सगळं बसलं. निम्मे विमानाला गेले. उरलेल्यात एका खोलीत चौघी, प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने आणि बसने, जेवण भात-आमटी आणि नारळाची चटणी. कोलंबोहून गॉलमार्गे मातराला जाणारी गाडी बराच वेळ समुद्राच्या अगदी कडेने धावते. दारात उभं राहिलं की तोंडावर खारं पाणी येतं. कळव्याला आठ-सव्वीसच्या गाडीत शिरताना जी कोपरं वापरतो, ती इथे वापरावी लागत नाहीत, हाच पहिला आनंद.

कुठलाही दागिना मोडला नाही, कुणाकडून उसने घेतले नाहीत. तरीही प्रश्न आला: ‘कशासाठी?’ सासरहून आला, माहेरहून आला, शेजारून आला. पासपोर्टच्या पडताळणीसाठी घरी आलेल्या माणसाने आमच्या घटस्फोटित मैत्रिणीला ‘घरात पुरुष कोण आहे?’ असं विचारलं. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच नियम बदलले आहेत. पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला लागत नाही, घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. नियम कागदावर बदलला, दारात उभा राहणारा प्रश्न बदलला नाही.

आणि हा प्रश्न आपल्यातूनही आला, म्हणून हा लेख. ‘वस्तीत पाणी दिवसाआड येतं आणि तुम्ही लाटांवर खेळायला जाता?’ असं एका बैठकीत विचारलं गेलं. आम्ही कोलंबोला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो असतो तर परत आल्यावर सगळ्यांसमोर अहवाल वाचायला सांगितलं असतं. म्हणजे चळवळीलाही बाईच्या प्रवासाला कारण हवंच आहे. फक्त देवळाऐवजी परिसंवाद.

मैत्रिणींनो, मोकळा वेळ ही चैन नाही, तो वाटपाचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची बिनपगारी घरकामाची वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाली. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ८८ मिनिटं. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटं कमी करून घेतली! आपण वेतनाचं, जमिनीचं, अन्नाचं वाटप मागतो. मग वेळेचं वाटप मागताना आवाज का बसतो? दमलेल्या बाईला विश्रांती मिळावी एवढं म्हणायला आपल्याला जमतं, पण तिला मजा मिळावी असं म्हणायला संकोच वाटतो. विश्रांती मागताना आपण मनात धरलेलं असतं की उद्या तिने पुन्हा कामाला लागावं. मजेतून मात्र दुसऱ्या कुणाचं काही निघत नाही, ती फक्त तिची असते. खुपतं ते हेच.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आमच्यापैकी एकीलाच पोहता येत होतं. बाकी तिघी वर्षभर ठाण्याच्या एका तरणतलावावर शिकलो. तिथे बायकांची वेळ दुपारची, म्हणजे नोकरी करणारी येऊ शकणार नाही आणि घरी असणारीची मुलं शाळेतून येतात ती. मग रजा टाकून, पाळी बदलून शिकलो. हे सगळं खेळासाठी असं कुणी म्हणेल, पण पोहता न येण्याची किंमत जगाने पाहिली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने मार्च २००५ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातले आकडे होते: मेलेल्या स्त्रिया ३९१, पुरुष १४६. श्रीलंकेत पोहणं आणि झाडावर चढणं मुलग्यांनाच शिकवलं जातं, हेही त्यात नोंदलं होतं. लाट बाई-पुरुष पाहत नाही. तो भेद आपण आधीच करून ठेवलेला असतो: कुणाला पोहायला शिकवायचं, कुणी लुगडं नेसायचं, मुलं कुणाच्या कडेवर असायची.

आपल्या कळव्याला खाडीचं पाणी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा भेटायला येतं. पुलावरून रोज जा-ये करणाऱ्या आपण किती जणी पाण्यात पडलो तर जिवंत बाहेर येऊ? वस्तीतल्या गटात मी हे विचारलं. बावीस जणींत दोन हात वर झाले, दोघीही लहानपणी कोकणातल्या विहिरीत पोहलेल्या.

आता लाटेचं. वेलिगामाचा उपसागर नवशिक्यांसाठी बरा. तळाला वाळू, लाटा मवाळ. आधी किनाऱ्यावरच फळीवर पालथं पडून हात मारायला आणि एका झटक्यात उभं राहायला शिकवतात. मग कमरेएवढ्या पाण्यात. ओढ आत नेऊ लागली तर तिच्याविरुद्ध झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या बाजूला निघायचं, हे सुरुवातीलाच सांगतात. आम्ही लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचे टीशर्ट घातले होते. पहिले दोन दिवस नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्या दिवशी नर्स मैत्रीण उभी राहिली, तीन-चार सेकंद. ती म्हणाली, ‘दोन बाळंतपणं आणि पंधरा वर्षं नाइट ड्यूटी झाल्यावर पहिल्यांदा हे शरीर माझ्या स्वतःच्या कामाला आलं.’ आरोग्य शिबिरात आपण शरीरावर तासभर बोलतो. हे वाक्य मला तिथे कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

पण त्या किनाऱ्यावर शिकवणारे सगळे पुरुष होते आणि शिकणाऱ्या बायका सगळ्या परदेशी. आम्ही ज्या घरी उतरलो तिथली बाई समुद्रापासून शंभर पावलांवर राहते, पण गुडघ्याच्या पुढे पाण्यात कधी गेलेली नाही. आम्ही तिला अक्का म्हणायचो, सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. ती आठ वर्षं कुवेतला घरकाम करून आली. त्या पैशातून या दोन खोल्या झाल्या. तिचाही परदेश प्रवासच. पण तिथे तिचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात होता.

बाईच्या जाण्यायेण्याचं दार कोण उघडतं आणि कोण लावतं हे तिच्या देशात स्वच्छ दिसतं. २०१३ साली तिथल्या सरकारने पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला परदेशी घरकामाला जायची बंदी घातली. २०२२ साली देश दिवाळखोरीत गेला, परकीय चलन हवं झालं, तेव्हा परदेशी घरकामाला जाणाऱ्या स्त्रीचं किमान वय २१ वर आणलं. आपल्याकडेही आखातातल्या ठरावीक देशांत अशा कामाला जाणाऱ्या स्त्रियांसाठी वयाची अट ३० ठेवली गेली. कमवायला जायचं तर सरकारची परवानगी, फिरायला जायचं तर घरची. कधी तिच्या काळजीपोटी, कधी डॉलरच्या गरजेपोटी, पण ठरवणारी ती नाही.

आणि आमची ‘स्वस्त सहल’ स्वस्त झाली ती अक्काच्या पहाटे चारला उठण्यावर, हेही विसरता येत नाही. आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त मिळाले. म्हणून आम्ही घासाघीस केली नाही आणि ताटं आपली आपण धुतली. त्याने हिशेब फिटत नाही, पण निदान तो मांडला तरी पाहिजे.

चित्र बदलू लागलं आहे. श्रीलंकेच्याच पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे इथे २०१८ साली गावातल्या मुली-बायकांनी स्वतःचा सर्फ क्लब काढला. मुंबईत वाढलेली इशिता मालविया २००७ साली मणिपालला शिकत असताना लाटांवर उभी राहायला शिकली आणि पुढे कर्नाटकातल्या कोडी बेंगरे इथे सर्फिंगची शाळा चालवू लागली. आपल्या वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. बचत गट म्हणजे पापड-लोणची, हे समीकरण त्यांनी मोडलं.

‘तुम्हाला परवडतं, विटाव्याच्या धुणीभांडीवालीला कुठे परवडतं?’ हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर आम्ही जाऊ नये हे नाही, तिनेही जावं हे आहे. वस्तीतल्या बायकांनी माझे फोटो पाहिले तेव्हा एकीनेही पाण्याच्या टंचाईची आठवण करून दिली नाही. त्यांनी विचारलं, ‘ताई, आम्हाला कधी नेणार?’

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक गटाने बचतीच्या खात्याशेजारी सहलीचं खातं काढावं, भले महिना पन्नास रुपयांचं. त्या सहलीला भाषण, प्रशिक्षण, अहवाल काही जोडू नये. पालिकेच्या तरणतलावांवर बायकांसाठी सकाळी लवकर आणि संध्याकाळी सातनंतर वेळ मागावी, कामकरी बाईला परवडेल अशा फीमध्ये, आणि पालिका शाळेतल्या प्रत्येक मुलीला पोहायला शिकवण्याची मागणी निवेदनात पहिल्या पानावर घालावी. बाई सहलीला गेली की घर सांभाळणाऱ्या नवऱ्याचं कौतुक करणं थांबवावं, ते घर त्याचंही आहे. आणि कुणी ‘कशासाठी?’ विचारलं तर समाजकार्याचा आधार न घेता सांगावं: मला जायचं होतं, म्हणून.

आमच्या विटाव्याच्या गटाने खातं उघडलं आहे. डिसेंबरमध्ये अठ्ठावीस जणी काशीदला निघाल्या आहेत. चौघींनी पोहायला नाव घातलं आहे.