त्रेपन्न म्हणजे किती?

मराठीच्या प्राध्यापकाने गणिताविषयी बोलू नये, हे मला मान्य आहे. चेकवर रक्कम अक्षरांत लिहिताना आमचा हात झरझर चालतो आणि आकड्यांत लिहिताना अडखळतो, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. तरीही या खेपेला सदरात आकड्यांविषयीच लिहिणार आहे. कारण यंदा श्रावणात एका आठ वर्षांच्या मुलीने मला असे काही निरुत्तर केले की, ते कबूल केल्यावाचून फराळ गोड लागायचा नाही.

२०१९ च्या जून महिन्यातला गहजब वाचकांना आठवत असेल. ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले होते. रूढ शब्द काही हद्दपार केले नव्हते. पण तेवढे पाहायला सवड कोणाला? विधिमंडळात मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द लहान मुलांना जड जातात, आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलला जातो तो त्यांना सोपा पडतो. आम्ही भाषाप्रेमी मंडळी मात्र ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. ‘बावन्नकशी सोन्याला आता पन्नासदोनकशी म्हणायचे काय?’ असा सवाल टाकून मीही एका व्याख्यानात टाळ्या मिळवल्या. नारळीकरबाई २०२३ साली गेल्या. टाळ्यांचे ते वाक्य माझ्यापाशी राहिले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी घनसावंगी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दासबोधकर्त्या समर्थांचे जांब याच तालुक्यातले; तेव्हा अक्षराशी या मातीचे नाते जुनेच म्हणायचे. “सर, तुम्ही आम्हाला भाषाशास्त्र शिकवलंत,” ती एकदा म्हणाली, “ते पहिली-दुसरीत कुठं अडतं, ते बघायला एकदा या की.” गेलो. एस.टी.तून उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना कपाशी आणि मोसंबीच्या बागा भिजून उभ्या होत्या.

वर्गात शिरताच पहिला धडा मलाच मिळाला. बाईंनी फळ्यावर ‘चार’ लिहिले आणि त्याखाली ‘चारा’. पहिलीतला एक मुलगा ‘चार’ नीट वाचून पुढे ‘चारा’तला ‘च’ही तसाच उच्चारू लागला आणि मग स्वतःच थांबला. असला शब्द त्याच्या घरी कोणी बोलत नव्हते. “बैल काय खातो रे?” बाईंनी विचारले. पोराचा चेहरा उजळला. एकाच ‘च’चे दोन उच्चार, एकाच ‘ज’चे दोन, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. एम.ए.च्या वर्गात हे मी दंततालव्य वगैरे भारदस्त शब्दांनी सांगतो. येथे ते एका बैलाने सांगितले. अक्षर ओळखणे निराळे आणि शब्द ओळखीचा निघणे निराळे. या दोहोंची गाठ पडते तेव्हाच वाचन सुरू होते. पूर्वी आम्हाला ‘ग म भ न’ अशी सारख्या वळणाची अक्षरे गिरवायला देत. हाताला वळण लागे. अर्थ मागाहून सावकाश येई.

मग तिसरीच्या मुलांची पाळी आली. मीच मोठ्या ऐटीत म्हणालो, “लिहा, त्रेपन्न.” माझ्यासमोरच्या मुलीने पाटीवर ३५ लिहिले.

“चुकलं बाळ,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. “तुम्ही तीन आधी म्हणले ना?”

वाचकहो, आपणच सांगा, यावर काय उत्तर द्यावे? ‘त्रे’ म्हणजे तीन, ते मी आधी उच्चारले. ‘पन्न’ म्हणजे पन्नास, ते मागाहून आले. तिने कानावर पडले त्या क्रमाने लिहिले. ती भाषेशी प्रामाणिक राहिली आणि गणितात नापास झाली.

त्या दुपारी मी स्वतःशीच उजळणी केली. तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. एकटा तीन, पण कधी ‘ते’, कधी ‘त्रे’, कधी ‘त्र्या’! पन्नासचे तर ‘एकावन्न’मध्ये ‘वन्न’ होते आणि ‘त्रेपन्न’मध्ये ‘पन्न’. त्यातून एकोणपन्नास! म्हणजे पन्नासात एक उणा. कानाला ऐकू येतात पन्नास आणि लिहायचे मात्र चार आणि नऊ. हे सारे शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि तेथून मराठीत येताना शतकानुशतके झिजले, गुळगुळीत झाले. आम्हा अभ्यासकांना ती झीज मोलाची वाटते. पण ज्याला नदी ओलांडायची आहे, त्याचा पाय त्याच गुळगुळीत गोट्यांवरून घसरतो.

आणि यात मराठी काही एकटी नाही. आमच्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. ते ‘तिरपन’ म्हणत, तेथेही तीन आधीच. जर्मन माणूसही पंचवीसला ‘पाच आणि वीस’ म्हणतो. उलट त्याच हैदराबाद संस्थानातली तेलुगू आणि कानडी मुले ‘वीस एक’ या क्रमाने मोजत आली. त्यांच्या भाषा काही त्यामुळे दरिद्री झाल्या नाहीत.

माझी विद्यार्थिनी मात्र या वादात पडलीच नव्हती. तिने तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवले होते. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या, ‘पन्नास आणि तीन’ म्हणायचे, आकडा लिहायचा, आणि मग त्याच आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणायचे, ‘त्रेपन्न’. तिचे म्हणणे एवढेच की, पायरी ही चढण्यासाठी असते. तिच्यावर बसूनही राहू नये आणि तिला लाथही मारू नये. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचा तक्ता भिंतीवर होता: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधा हिशेब यावा. तक्ता सुबक होता. काम करत होत्या त्या काड्या.

शाळा सुटताना त्या मुलीची आई आली. दारातच उभी राहून म्हणाली, “मॅडम, दिवाळी झाली की आम्ही कारखान्यावर चाललो. लेकरू संगंच न्यावं लागंल.” या भागात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, बाईंनी तिला ते सुचवलेही. पण मागे लक्ष ठेवणारी आजी गेल्या वर्षी वारली होती. आईचे मन होईना. जाता जाता ती एवढेच बोलली, “काट्याच्या चिठ्ठीवरचा आकडा तिला वाचता आला ना, लई झालं. पस्तीस टन लिवलं का त्रेपन्न, आमाला काय कळतंय?”

माझ्या आणि तिच्या त्रेपन्नात केवढे अंतर होते! माझ्या दृष्टीने तो एका व्याख्यानातल्या टाळीचा विषय. तिच्या दृष्टीने अठरा टन उसाची तोडणी.

मला जुने शब्द टाकून द्यायचे नाहीत. ते गेले तर चौसष्ट कला जातील, छत्तीसचा आकडा जाईल. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले पाहण्याची गंमतही जाईल. पण भाषेचा दागिना ज्या लेकरांना ओझे होतो, त्यांच्यासाठी तो दोन पावले आपण धरला, तर त्याचे सोने काही कमी होत नाही. हे मला २०१९ साली कळायला हवे होते. नारळीकरबाईंना तसे कळवायचे राहून गेले.

आपण हा अंक वाचत असाल तेव्हा त्या घरात कोयते आणि भांडीकुंडी बांधण्याची घाई चालली असेल. बाईंनी तिच्या दप्तरात पाटीबरोबर काड्यांचे दहा गठ्ठे घालून द्यायचे ठरवले आहे. फडावर गठ्ठे सुटतील, काही काड्या चुलीतही जातील. आकडा तेवढा राहतो की नाही, ते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येईल तेव्हा कळेल. मी त्या वेळी पुन्हा जाणार आहे. मात्र या खेपेस परीक्षक म्हणून नव्हे.