खालांचे ताट आणि आठ दिवसांचा हिशेब

मागच्या महिन्यात मालवणात आमच्या मोहल्ल्यातल्या एका दावतीला आम्ही गेलो होतो. शेजारच्या खालांनी कुणाचे तरी तान्हे मूल हौसेने मांडीवर घेतले. त्याच्या आईने धावत येऊन ते उचलून नेले. खालांचे ताटही वेगळे वाढले गेले. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांना थायरॉईडसाठी आयोडीनचा डोस दिला होता, आणि "त्यांच्या अंगात अणूचं औषध आहे" ही गोष्ट घरोघरी पोहोचली होती. खाला तिथे काही बोलल्या नाहीत. घरी परतताना मात्र म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता ना? मग सांगा, हे माझ्या अंगातून जाणार तरी कधी?"

आम्ही भाषा शिकवणारे. तरी विज्ञानाची पुस्तके काढून बसलो. जे कळले ते खालांना सांगितले, आता तुम्हांलाही सांगतो.

या औषधाची सुरुवात आयोडीनपासून नाही, तर टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्यापासून होते. उर्दूत मूलद्रव्याला आपण उन्सुर म्हणतो. टेल्युरियम चांदीसारखे चमकते, पण ठिसूळ असते. १७८२ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खनिजात ते प्रथम आढळले. १७९८ मध्ये क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले. आज ते मुख्यतः तांबे शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून मिळते. ऑक्सिजन आणि गंधकाच्या कुळातलेच हे मूलद्रव्य. ते थोडेसे जरी पोटात गेले तरी माणसाच्या श्वासाला कित्येक दिवस लसणासारखा वास येतो.

आवर्तसारणीत टेल्युरियम ५२ व्या घरात आणि आयोडीन त्याच्या शेजारी ५३ व्या घरात. दोघांत फरक फक्त एका प्रोटॉनचा. औषध तयार होते ते याच शेजारामुळे.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणू संशोधन केंद्राच्या अणुभट्टीत टेल्युरियम डायऑक्साइडची पांढरी पूड बंद डब्यांत भरून ठेवतात. नैसर्गिक टेल्युरियमचा जवळपास एक तृतीयांश भाग टेल्युरियम-१३० असतो. त्याच्या अणूत एक न्यूट्रॉन शिरला की टेल्युरियम-१३१ तयार होते. ते फार टिकत नाही. साधारण २५ मिनिटांत त्यातले निम्मे अणू एक घर पुढे सरकून आयोडीन-१३१ होतात.

आता पुडीतून हे आयोडीन वेगळे कसे काढायचे? टेल्युरियम डायऑक्साइड ७०० अंशांच्या पुढे तापवले तरच वितळते. आयोडीन त्याच्या कितीतरी आधी वाफ होऊन उडते. म्हणून पूड भट्टीत तापवतात, आयोडीनची वाफ निघते आणि ती अल्कलीच्या द्रावणात धरून ठेवतात. टेल्युरियम मागेच राहते. मग त्या आयोडीनचे द्रावण किंवा कॅप्सूल करून रुग्णालयांना पाठवतात. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा औषधांवर काम करीत आहे.

शरीरातले आयोडीन प्रामुख्याने थायरॉईड ग्रंथी ओढून घेते. म्हणून हे औषध नेमके तिथे पोहोचते आणि ग्रंथीच्या बिघडलेल्या पेशी मारते. ते थायरॉईड जास्त काम करीत असेल तेव्हा आणि थायरॉईडच्या काही कर्करोगांत देतात. आपल्या घरोघरी भगिनी सकाळी उपाशीपोटी घेतात ती थायरॉईडची गोळी वेगळी. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो.

आता खालांचा प्रश्न. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. आज १०० असेल तर ८ दिवसांनी ५०, १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी साडेबारा. असे करीत ५६ दिवसांनी एकाहूनही कमी. शिवाय बरेचसे आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते, म्हणजे खरा आकडा याहून लहान. दोन महिन्यांनी खालांच्या मांडीवरून मूल उचलून नेण्याचे काहीच कारण नव्हते.

मात्र पहिल्या दिवसांतले पथ्य खरे आहे, ते पाळायलाच हवे. डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळे झोपावे, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून लांब राहावे, भरपूर पाणी प्यावे, संडासात दोनदा पाणी सोडावे. दिवस गेलेले असतील तर हे औषध देत नाहीत. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने ते आधीच सांगावे, कारण डोसनंतर त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. कुडाळपर्यंतचा प्रवास रात्रभराचा, तेव्हा गाडीत शेजाऱ्याला चिकटून बसून यावे की दोन दिवस मुंबईतच थांबावे, हेही निघण्याआधी विचारावे. तारीख रमजानात आली तर रोजा नंतर कजा करता येतो. पाणी टाळू नये.

आपल्या किनाऱ्यावर सर्वांत अवघड पथ्य डोसच्या आधीचे. बऱ्याच रुग्णांना एक-दोन आठवडे आयोडीनचे मीठ आणि समुद्राची मासळी बंद करायला सांगतात. ग्रंथी आयोडीनसाठी उपाशी असली म्हणजे औषध नीट ओढून घेते. बांगडा नाही, तिसऱ्या नाहीत, सुकटसुद्धा नाही! खाला म्हणाल्या, "डोस परवडला, पण ते पंधरा दिवस नकोत."

हा आजार लागट नाही. किरणांसाठी दूर राहायचे ते मोजक्या दिवसांचे, आणि तो हिशेब चौथीचे मूलही करू शकेल. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी असा डोस घेऊन आले असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर खूण करा. त्या तारखेपर्यंत अंतर पाळा. ती उलटली की ताट पुन्हा एकाच दस्तरखानावर मांडा.