टाकीच्या खांद्यावरचा आकडा

मे महिन्यात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबासाठी पर्यटकांची झुंबड उडते. दर किती, व्हिडिओ मिळणार का, पोहता येत नसले तर चालेल का, याची कसून चौकशी होते. पाठीवर बांधल्या जाणाऱ्या टाकीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. तिच्यात ऑक्सिजन असतो, असाच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात असते ती साधी हवा. गाळलेली, कोरडी केलेली आणि प्रचंड दाबाने कोंबलेली.

मोटारीच्या चाकात साधारण ३० पीएसआय हवा भरतात. जगभर पर्यटकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत ती ३००० पीएसआय, म्हणजे २०७ बार असते. अकरा लिटर पाणी मावेल एवढ्या जागेत सुमारे २३०० लिटर हवा. त्या हवेचेच वजन पावणेतीन किलो भरते. टाकी फुटली तर मोकळी होणारी ऊर्जा ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या टनभर वजनाच्या मोटारीइतकी तरी असते. आणि टाकीवर सर्वाधिक ताण येतो तो पाण्याखाली नव्हे, तर कॉम्प्रेसरला जोडून ती भरताना. म्हणजे पहिला धोका पर्यटकाला नसून टाक्या भरणाऱ्या पोरांना आहे.

किती भरायचे, हे टाकीच्या खांद्यावर ठोकलेले असते. गोंधळ होतो तो व्हॉल्व्हमुळे. व्हॉल्व्ह मुख्यतः दोन तऱ्हेचे. ‘योक’ प्रकारात रेग्युलेटर शिकंजासारखा बाहेरून आवळतात. त्याची मर्यादा २३२ बार. ‘डिन’ प्रकारात रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी बसतो, रबरी कडी आतच अडकून राहते, म्हणून तो अधिक भरवशाचा. त्यात २३२ बारचा पाच आट्यांचा आणि ३०० बारचा सात आट्यांचा असे दोन उपप्रकार. पण ३०० बारचा व्हॉल्व्ह बसवला म्हणून २०७ बारची टाकी ३०० बारची होत नाही. दार लोखंडी केले तरी भिंत मातीचीच राहते.

आकडा ओलांडणाऱ्यांकडे युक्तिवाद तयार असतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणारे पाणबुडे २४०० पीएसआयच्या पोलादी टाक्या ३६०० पर्यंत भरून घेतात. तिथे दर ५ वर्षांनी होणाऱ्या चाचणीत हीच टाकी ४००० पीएसआय सोसते, मग ३६०० ला घाबरायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला बिनतोड वाटते. पण चाचणीचा दाब पाण्याने देतात, तोही क्वचित आणि थोडा वेळ. वरची शिल्लक ठेवलेली असते ती गंज, आदळआपट, ऊन आणि शेकडो वेळा भरून-रिकामे करण्याने धातूला येणारा थकवा यांच्यासाठी. ती रोजच्या खर्चाला काढायची नसते.

उन्हाचा हिशेब तर कोकणात विसरताच येत नाही. २७ अंशांना २०७ बार भरलेली टाकी होडीत तापून ५७ अंशांवर गेली, तर दाब आपोआप सुमारे २२८ बारवर जातो. उलटही घडते. घाईघाईने भरलेली टाकी गरम होते, काटा २०० दाखवतो आणि निवल्यावर १८० उरतात. मग ‘थोडी जास्तच मार’ असा सोपा उपाय निघतो. खरा उपाय सावकाश भरण्याचा आहे; पण बाहेर रांग लागलेली असताना तो कोणाला परवडतो?

त्याहून फसवी गोष्ट टाकीच्या गळ्यात असते. मेट्रिक आट्यांचा २५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या टाकीत बसल्यासारखा वाटतो. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण आटे नीट पकडत नाहीत, आणि पुरेसा दाब चढला की व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. परदेशात यात माणसे जखमी झाली आहेत. म्हणून जुन्या टाकीला दुसरीकडचा व्हॉल्व्ह लावण्याचा जुगाड कितीही स्वस्त पडला तरी करू नये.

आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. नियमांची वाण नाही. किनाऱ्यावर ते दिसत नाहीत, एवढेच. घरचा गॅस सिलिंडर घेताना चाचणीची मुदत पाहण्याची सवय आता पुष्कळ घरांत लागली आहे. स्कूबाच्या दरफलकावर व्हिडिओच्या दराशेजारी टाक्यांच्या शेवटच्या चाचणीची तारीख लिहिणे बंधनकारक करायला काय हरकत आहे? फलकाला खर्च येईल तो रंगाचा. आणि मुदत संपलेली टाकी बाजूला ठेवल्याबद्दल भरणाऱ्या पोराचा रोज कापला जाणार नाही, हेही परवाना देणाऱ्यांनी पाहायला हवे.