सायलेन्सर कापण्यात बरकत नाही

मोटरसायकल दुरुस्तीच्या धंद्यात मराठवाड्यातील मुस्लिम कारागिरांचा वाटा मोठा आहे, हे कोणाला सांगण्याची गरज नाही. नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरची गंजगोलाई, गाडी बंद पडली की माणूस आधी ओळखीच्या मिस्त्रीकडे धाव घेतो. अलीकडे या धंद्याला एक नवी शाखा फुटली आहे. वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट मोटरसायकली शोधून काढायच्या, घराच्या ओसरीत किंवा अंगणातल्या शेडमध्ये त्या पूर्ण खोलायच्या आणि पुन्हा नव्यासारख्या उभ्या करायच्या, हे काम अनेक तरुण करू लागले आहेत. कोणी हौसेपोटी करतो, कोणी गिऱ्हाइकासाठी. या कामाकडे पोरखेळ म्हणून न पाहता धंदा म्हणून पाहिले जावे, असे आमचे मत आहे. परंतु धंदा म्हटला की नफा कुठे आहे आणि खड्डा कुठे आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

मागणी कोणत्या गाड्यांना?

पहिला मान अर्थातच यामाहा आरएक्स १०० चा. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली आणलेली ही ९८ सीसीची गाडी १९९६ पर्यंत बनत होती. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. त्यामुळे तिच्या पिकअपचे नाव खेड्यापाड्यांत झाले. तिच्याआधी १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनेच राजदूत ३५० आणली होती. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. पेट्रोल फार पिते आणि सुटे भाग महाग, म्हणून तेव्हा लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि काही वर्षांतच ती बंद पडली. आज तीच गाडी शोधत शौकीन लोक गावोगाव फिरतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी १९९६ मध्ये थांबली. हीरो होंडाची १९९९ ची सीबीझेड आणि २००३ ची करिझ्मा यांचीही गणना आता जुन्यात होऊ लागली आहे.

जुन्या नावाला बाजारात किती किंमत आहे, हे मोठ्या कंपन्यांनीही ओळखले. जावाचे नाव २०१८ मध्ये आणि येझदीचे २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले. नव्या गाडीवर जुने नाव लावून ती विकली जात असेल, तर खऱ्या जुन्या गाडीला हात लावणाऱ्या कारागिराचे मोल काय असेल, याचा विचार आपणच करावा.

एक गाडी, दहा हात

या कामाची खरी खुबी अशी की ते एकट्या मिस्त्रीचे काम नाही. आरएक्सचे इंजिन खोलले की सिलिंडर बोअरिंगसाठी लेथवाल्याकडे जातो. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. झीज पाहून पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा पिस्टन बसवायचा असतो. क्रँकचा कॉनरॉड आणि बेअरिंग बदलून तो प्रेसवर बसवणे आणि डायल गेज लावून सरळ करणे, हे दुसऱ्या उस्तादाचे काम. टाकी आणि साइड पॅनलचे डेंटिंग-पेंटिंग तिसऱ्याचे. सायलेन्सर, हँडल, मडगार्ड यांचे निकेल-क्रोम पॉलिश चौथ्याचे. रिम आणि स्पोक, वायरिंग, सीटचे कव्हर, टाकीवरचे स्टिकर, सुट्या भागांचा दुकानदार, अशी ही साखळी दहा घरांपर्यंत पोहोचते.

नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा पैसा दिवसेंदिवस कंपनीच्या शोरूमकडे वळत आहे. इंधन इंजेक्शन आणि संगणकी तपासणीच्या गाड्यांसाठी लागणारी यंत्रे छोट्या गॅरेजला परवडत नाहीत. अशा वेळी जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन हे असे काम आहे, जिथे शोरूमजवळ माणूस नाही आणि आमच्या उस्तादांच्या बोटांत चाळीस वर्षांचा अनुभव आहे. कार्बोरेटरचा जेट कानाने ओळखणारी पिढी अजून हयात आहे. तिच्याकडून हे ज्ञान घेण्याची वेळ आताच आहे.

आवाजाचा मोह

आता खड्ड्याकडे वळू. यांपैकी बरेच काम जुनी गाडी उभी करण्यावर थांबत नाही. गिऱ्हाईक तरुण असते. त्याला सायलेन्सरचा आवाज मोठा हवा असतो, हँडल खाली हवे असते, मागचा मडगार्ड कापून हवा असतो, आणि मिस्त्रीही चार पैसे जास्त मिळतात म्हणून करवत हातात घेतो.

प्रथम कारागिरीचाच हिशेब करू. टू स्ट्रोक इंजिनाला फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. ताजे मिश्रण आत येताना त्यातील काही भाग धुराबरोबर बाहेर निसटू पाहतो. सायलेन्सरच्या आतला फुगीर आणि मग निमुळता होत जाणारा आकार धुराच्या दाबाची लाट मागे फेकतो आणि निसटणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे या गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव आहे. तो कापला की आवाज वाढतो, पण खालच्या गतीची ताकद जाते आणि पेट्रोल वाया जाते. जेट न बदलता धुराची वाट मोकळी केली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होण्याची भीती वेगळीच. तीच गोष्ट ऑइल पंपाची. आरएक्समध्ये तेल आपोआप सोडणारा पंप कंपनीनेच दिलेला होता. तो काढून टाकीत तेल मिसळण्याची सवय लावली, की ज्या दिवशी मालक तेल टाकायला विसरेल त्या दिवशी इंजिन बसले म्हणून समजा. दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

दुसरा हिशेब शेजाऱ्यांचा. लातूर हे शिकवणीचे शहर आहे. बाहेरगावची हजारो मुले तिथे खोल्या घेऊन अभ्यासाला बसलेली असतात. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये रात्रंदिवस रुग्ण असतात. अशा ठिकाणाहून फटफट आवाज करीत जाणारी गाडी ज्याच्या गॅरेजमधून निघाली, त्याचे नाव लोक विसरत नाहीत. एका गाडीच्या आवाजाने साऱ्या मोहल्ल्याला बोल लागतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहनांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याने नियमबाह्य बदल करून गाडी विकली, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड इथपर्यंत जाते. आवाज आणि धुराच्या उल्लंघनासाठी कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, हे आपण वर्तमानपत्रांत पाहिले आहे. त्या ढिगात गिऱ्हाइकाचा पैसा आणि मिस्त्रीची मेहनत दोन्ही चिरडली जातात.

याउलट जुनी गाडी ठेवण्यास मनाई आहे, हा समज चुकीचा आहे. दहा-पंधरा वर्षांची सक्ती दिल्ली परिसरासाठी आली होती. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओला दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. नांदेडच्या एमएच २६ आणि लातूरच्या एमएच २४ क्रमांकाच्या अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटरसायकलीसाठी ही फी २००० रुपये झाली. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या सुरक्षित नंबर प्लेटचा खर्च वेगळा. हा सारा खर्च गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगावा.

२०३५ साल दूर नाही

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला त्याखाली वेगळ्या मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. पहिल्या आरएक्सला पन्नास वर्षे २०३५ मध्ये पूर्ण होतील. म्हणून आज कोणी गिऱ्हाइकाला आरएक्स विंटेज म्हणून विकत असेल तर तो फसवतो आहे. आणि आज जो तिची चेसिस कापतो आहे, तो त्या गाडीचे उद्याचे मोल आपल्या हाताने कमी करतो आहे. मूळ रंग, मूळ टाकी, मूळ इंजिन नंबर असलेल्या गाडीला शौकीन जी किंमत देतो, ती कापलेल्या गाडीला देत नाही.

यावर काही तरुण मिस्त्री म्हणतील की गिऱ्हाईक मागते ते आम्ही नाही दिले तर ते पुढच्या गॅरेजमध्ये जाईल, आणि घर आम्हाला चालवायचे आहे. ही अडचण खोटी नाही. परंतु सायलेन्सर कापून मिळणारी मजुरी एकदाच मिळते. पूर्ण गाडी उभी करण्याचे काम महिना-दोन महिने चालते आणि त्यावर पुढचे गिऱ्हाईक येते. शिवाय कायद्यात बसेल अशी सुधारणा करायला जागा भरपूर आहे. नवे वायरिंग, चांगले ब्रेक शू, त्याच मापाचा उत्तम टायर, नवे ऑइल सील, सीटचा चांगला फोम, यांनी गाडी सुरक्षित होते आणि मालक समाधानी राहतो.

धंद्याची शिस्त

घरच्या गॅरेजला पाटी नसली तरी शिस्त हवी. आमच्या मते पुढील गोष्टी पाळल्याच पाहिजेत.

गाडी आत घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तक पाहावे आणि इंजिन नंबर व चेसिस नंबर स्वतः ताडून घ्यावेत. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी परत पाठवावी. भंगारातून घेतलेल्या चेसिसवर दुसऱ्या गाडीचा नंबर बसवणे हा सरळ गुन्हा आहे आणि त्यात उस्तादाबरोबर शागीर्दही अडकतो. इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी, रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात नोंद. गाडी विकत घेऊन विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वेळेवर भरून नाव बदलून घ्यावे.

खोलण्यापूर्वी गाडीचे फोटो काढावेत, कामाचा अंदाज लिहून द्यावा, उचल घेतली तर पावती द्यावी. बसवलेला भाग कंपनीचा आहे की लोकल, हे बिलावर लिहावे आणि काढलेला जुना भाग मालकाला परत द्यावा. गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही अमानत आहे. तिच्यातला चांगला भाग काढून दुसऱ्या गाडीत घालणाऱ्याचा धंदा दोन वर्षांच्या पुढे जात नाही.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो आणि जुने रबर नरम पडते. तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर नवे बसवावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करण्यास मालकाला सांगावे.

घर आणि गॅरेज एकच असेल तर पेट्रोलचे डबे स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नयेत. रंग खरवडण्याची धूळ मुलांच्या श्वासात जाऊ नये. क्रोमचे काम घरात करूच नये. त्याचे पाणी विषारी असते आणि ते नालीत सोडणे पाप आणि गुन्हा दोन्ही आहे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस नांदेडवरूनच जाते. मुंबईचा आणि हैदराबादचा असे दोन्ही बाजार आपल्याला एकाच रुळावर आहेत. जुन्या गाड्यांचे भाग एकेका मिस्त्रीने जाऊन शोधण्यापेक्षा दोन-चार दुकानदारांनी मिळून मागवले तर भावही उतरेल आणि डुप्लिकेट मालाची फसवणूकही कमी होईल. नांदेड आणि लातूरच्या गॅरेजवाल्यांनी एकमेकांच्या लेथ, प्रेस आणि पेंटिंगच्या सोयीची माहिती ठेवली, तर अर्धे खोललेले इंजिन पुण्याला पाठवण्याची वेळ येणार नाही.

केंद्राच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार, सोनार, शिंपी आहेत, मोटरसायकल मिस्त्री नाही. त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. उद्यम नोंदणी करून आपले गॅरेज कागदावर आणणे प्रत्येकाच्या हातात आहे. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक किंवा टर्नर होऊन निघालेल्या मुलाला म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली एक वर्ष बसवावे. मुलाला मोजमाप येते, उस्तादाला कान आहे. दोघे मिळून जी गाडी उभी करतील, तिचा सायलेन्सर कापण्याची गरज कोणाला भासणार नाही आणि ती घेऊन मालक आरटीओच्या दारात निर्धास्त उभा राहू शकेल.